चीफसाहेबांची झोप

"पुढच्या सोमवारी बोटीवर चढतोय," जेवताना आमटी ओरपत एवढंच सांगून आमचे हे आरामखुर्चीत आडवे झाले. आधी नौदल, मग मालवाहू बोटींवर चीफ इंजिनिअर. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मला विचारलंसुद्धा नाही!

मी माळ्यावरून त्यांची बॅग खाली ओढली, जमिनीवर आपटली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "दोन्ही बाळंतपणं मी एकटीनं निभावली. तुमच्या आईला अग्नी दिला तो तुमच्या भावानं. आता म्हातारपणीसुद्धा मी फोनचीच वाट बघत बसू?" बोलता बोलता मी त्यांचा एकेक बॉयलर सूट बॅगेत कोंबत होते. हे मात्र खुशाल घोरत होते.

घोरणारच! इंजिनाच्या धडधडाटात हयात गेली, तो आवाजच यांची अंगाई. धडधड थांबली तरच चीफसाहेब दचकून उठतात, असं बोटीवरचे लोक हसून सांगायचे.

मग मी घसा फोडतेय कुणासाठी? एवढा संताप झाला की पुढे शब्दच फुटेना. बॅगेची चेन खस्सकन ओढली आणि भिंतीला टेकून गप्प बसले.

तसे हे ताडकन उठले. पंख्याकडे पाहिलं, तो फिरत होता. अनवाणीच धावत जाऊन फ्रिजला तळहात लावला. तोही चालू होता. मग गोंधळून माझ्याकडे वळले.

"अगं, काय बंद पडलं?"

"मी!"