खडूच्या रेघेपलीकडे

"जास्तीची जमीन म्हणे!" बर्निसने तव्यावरचा कांदा उलथला. "गावात मोकळं मैदान ते एकच, आणि कौन्सिलच्या लेखी ती जास्तीची जमीन. निवडणूक झाली की विकणार, आणि वर घरं उठणार."

समोरच्या माणसाने हातातली पावाची स्लाइस पुढे धरून मान डोलावली. त्याच्यामागे रांग होती. आत शाळेत कौन्सिलचं मतदान चाललं होतं. पण अग्निशमन पथकाच्या शेगडीवरचा सॉसेज खाल्ल्याशिवाय मत द्यायला आत जायचं नाही, ही मलेट बे गावाची जुनी रीत. बर्निस टुली या पथकाची कॅप्टन. पथकात सगळे गावचेच, हौसेने राबणारे. वर्दीचा पिवळा कोट घालून ती सकाळपासून शेगडीमागे उभी होती.

"कॅप्टन, वर्दीत राजकारण?"

रांगेतून नगराध्यक्ष ग्लेन हॅरॉप बोलला. तो पुन्हा निवडणुकीला उभा होता. शाळेच्या कुंपणावर त्याचेच हसरे फलक ओळीने बांधलेले होते.

"मी कांदा परततेय, ग्लेन."

"कांद्याबरोबर आणखी काय काय परततेस, ते ऐकलं मी." तो फलकावरच्यासारखाच हसला आणि दाराशी उभ्या असलेल्या मतदान अधिकाऱ्याकडे वळला. "मॅडम, दारापासून सहा मीटरच्या आत प्रचार चालत नाही ना?"

थुई नावाची ती तरुण अधिकारी शहरातून आली होती. ती टेप घेऊन आली, तिने दाराच्या चौकटीपासून माप घेतलं आणि डांबरावर खडूने रेघ ओढली. शेगडी पुरती रेघेच्या आत होती.

"बाई, तुम्ही सॉसेज खुशाल द्या," ती ओशाळून म्हणाली. "पण इथे उभं राहून निवडणुकीबद्दल बोलता येणार नाही."

"म्हणजे कांदा, सॉस आणि तोंड बंद," ग्लेन म्हणाला. "आणि पथकाची नवी गाडी कुणी मंजूर केली, तेवढं ध्यानात असू दे."

रांगेत कुणीतरी खाकरलं. बर्निसने चिमटा खाली ठेवला.

"आणि रेघेपलीकडे?" तिने थुईला विचारलं.

"पलीकडे..." थुईने टेप गुंडाळली. "पलीकडे काय बोलायचं ते तुम्ही बघा."

बर्निसने कोट काढला, नीट घडी घातली आणि नव्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवला. आत कोपरावर विरलेला स्वेटर होता. परत येऊन तिने शेगडीच्या चाकाची खीळ पायाने सोडली.

"मॅको, तिकडून धर."

मॅको पथकाचा ड्रायव्हर. तो तव्याखालच्या ज्वाळेकडे बघत राहिला. "पेटती शेगडी ढकलायची? असं कधी करू नका म्हणून तूच आम्हाला शिकवतेस ना?"

"तेव्हा अंगात कोट असतो. धर."

शेगडी चरचरत निघाली. तिच्यामागून रांगही निघाली, हातातल्या स्लाइस सांभाळत. रेघ ओलांडून शाळेशेजारच्या त्याच मैदानाच्या तारेपाशी बर्निसने खीळ लावली. तारेपलीकडे कापलेलं गवत होतं, गोलचे खांब होते, एक नळ होता. झाड एकही नव्हतं.

"हं, होऊ दे भाषण," ग्लेन म्हणाला.

भाषण तिला येतच नव्हतं. तिने पहिल्या स्लाइसवर सॉसेज ठेवला.

"कांदा?"

"घाल."

"आग आली त्या दिवशी कुठे उभा होतास?"

तो माणूस गोंधळला. मग त्याने तारेपलीकडे बोट दाखवलं. "त्या खांबाशी. डाव्या."

"सॉस तिकडे आहे. पुढचा."

"नळापाशी," पुढची बाई न विचारताच म्हणाली. "ब्लँकेटं भिजवून देत होते."

त्या दिवशी गावाबाहेर जाणारा एकमेव रस्ता रानातल्या आगीने अडवला होता. झाडं नसलेली जागा तेवढीच, म्हणून सगळं गाव तिथे येऊन उभं राहिलं होतं. हे कुणाला सांगायची गरज नव्हती. जो तो आपापली जागा सांगत होता. एका बाईने हात धरलेल्या मुलीकडे बघितलं. "आम्ही दोघी मधल्या वर्तुळाच्या कडेला. ही पोटात होती." खाऊन झाल्यावर कुणी रेंगाळत नव्हतं. हात पुसून माणसं मैदानाकडे एकदा बघत आणि मत द्यायला आत जात.

ग्लेनचा नंबर आला. नगराध्यक्ष रांगेतून उपाशी निघून गेला असता तर ते सगळ्या गावाने बघितलं असतं. त्याने स्लाइस पुढे केली.

"कांदा?"

"थोडा."

"आग आली त्या दिवशी कुठे उभा होतास, ग्लेन?"

तो मैदानाकडे न बघता म्हणाला, "बर्निस, हा प्रचार झाला."

"रेघेपलीकडे आहोत आपण. तूच आखून घेतलीस ना?"

ग्लेनच्या मागे डॉट पॅस्को काठी टेकून उभी होती. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती सगळ्यांशी ओरडून बोले.

"अगं, त्याला काय विचारतेस? माझ्या शेजारीच तर होता! उजव्या खांबापाशी. माझा कुत्रा यानेच उचलून छातीशी धरला होता. असा थरथर कापत होता बिचारा!"

"कोण, कुत्रा?" मॅकोने विचारलं.

"दोघंही," डॉट म्हणाली आणि स्लाइस पुढे केली. "मला कांदा जास्त घाल गं."