खोबऱ्याची पालवी

जयदीपनं कोयत्याचा आणखी एक घाव घातला आणि बांडगुळाचं जाडजूड जाळं वाळक्या फांदीसकट खाली कोसळलं. खाली उभी असलेली त्याची आई, शालनबाई, मागं सरली.

"आता पुरं कर," ती म्हणाली. "त्या झाडानं आपलं काय भलं केलंय?"

"झाडानं काय वाईट केलं, आये? केलं ते माणसांनी."

शालनबाईनं पडलेली फांदी ओढून बाजूला नेली.

म्हाळुंग्यात चारी बाजूंनी कंपन्या आल्या, शेतं गेली, घरामागची बाग तेवढी राहिली. थोडे पेरू, एक रामफळ आणि बांधावरचा हा गावठी आंबा. ओल्या खोबऱ्यासारखा लागायचा म्हणून त्याचं नाव खोबऱ्या. त्याच्या निम्म्या फांद्या शेजारी खंडूच्या पत्र्यावर होत्या. खंडू म्हणजे जयदीपच्या वडिलांचा, मालोजीचा, चुलतभाऊ.

जयदीप शाळेत असताना त्या फांद्यांवरच्या आंब्यांवरून दोघांचं वाजलं. काठ्या निघाल्या. खंडूच्या काठीनं मालोजीचा डोळा गेला. मालोजीनं खंडूचा पाय मोडला. त्यानंतर दोन्ही घरांनी झाडाकडं पाठ फिरवली. आंबे पडले, कुजले. पुढं पुढं मोहरही येईना. मालोजी उरल्या डोळ्यानं झाडाकडं बघत ओसरीवर बसायचा, आणि असाच एक दिवस बसल्या जागी गेला.

जयदीप चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. तळेगावच्या एका नर्सरीवाल्यानं त्याला सांगितलं, झाड म्हातारं नाही, उपाशी आहे. तेव्हापासून शिफ्ट सुटली की तो बागेत. त्यानं मेलेल्या फांद्या उतरवल्या, कापल्या जागी चुना-मोरचुदाचा लेप दिला, आळं करून शेणखत भरलं. थंडी सरली आणि बोडक्या खोडावर तांबूस पालवी फुटली. त्या दिवशी तो शिट्टी वाजवत कामावर गेला.

खंडू लंगडत बांधापर्यंत आला.

"पत्र्यावरची फांदी काढ, जयदीप. वादळात मोडली तर घरात येईल."

"हात लावून बघ तिला," जयदीप म्हणाला.

खंडू लंगडत परत फिरला. शालनबाईनं चौथऱ्यावरचा कोयता उचलला आणि घरात नेऊन ठेवला.

आणि मग पालवी करपली. आधी एका बाजूची, नंतर सगळीच. जयदीपनं बुंध्याची माती उकरली. सालीत भोकं पाडलेली होती. आतलं लाकूड काळं, भुसभुशीत. मोरी धुतल्यावर येतो तसा उग्र वास नाकात गेला. ॲसिड. तो तिथंच आळ्याच्या कडेला बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. बापाच्या मयतीलाही तो असा रडला नव्हता.

शालनबाई चहा घेऊन आली. तिच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं?"

"तव्याला लागलं."

"खंड्याचं काम आहे हे," जयदीप म्हणाला. "दुसरा कोण असणार?"

"तू बघितलंस का?"

"बघीन त्या दिवशी जित्ता सोडणार न्हाई."

शालनबाईनं कपबशी त्याच्याजवळ ठेवली आणि बोटांवरची चिंधी पदराखाली झाकली.

त्यानंतरच्याच आठवड्यात माल आला नाही म्हणून कंपनीनं भरदुपारी लाइन बंद केली. जयदीप घरी आला. घराला कुलूप होतं. तो वळसा घालून बागेत गेला आणि थबकला. खोबऱ्याच्या बुंध्याशी खंडू उकिडवा बसला होता. हातातली बाटली भोकाशी लावून तो काहीतरी ओतत होता.

भिंतीला पहार टेकवलेली होती. जयदीपनं ती उचलली.

"काय ओततोयस?"

खंडू दचकला. "चुन्याची निवळी हाय. ॲसिडाचा जोर मोडती."

"ॲसिड आहे हे तुला कसं ठाऊक?"

खंडूनं तोंड उघडलं. मग एकदा फाटकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"ते मला न्हाई सांगता यायचं."

पहिला घाव खांद्यावर बसला. खंडू आळ्यात पालथा पडला. त्याची काठी शेजारीच होती. त्यानं ती उचलली नाही.

"बापाचा डोळा घेतलास. आता हे."

दुसरा घाव डोक्यावर धरलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज जयदीपला स्वच्छ ऐकू आला.

"जयदीप, तुझ्या आयला इचार..." खंडू कण्हत म्हणाला.

"आईचं नाव घेऊ नको."

तिसरा घाव डोक्यात गेला. त्यानंतर खंडू बोलला नाही. त्याचा अधू पाय माती ओरबाडत राहिला, मग तोही थांबला. रक्त शेणखतात मुरत गेलं. पलीकडं कंपनीचा कंप्रेसर आपला चालूच होता. जयदीपच्या तळव्यांना मुंग्या आल्या होत्या. छातीवरचा कितीतरी वर्षांचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं.

फाटक वाजलं. शालनबाई आत आली. तिच्या हातात दुकानातून आणलेली चुन्याची पिशवी होती. समोरचं दिसलं आणि पिशवी हातातून सुटली.

"यानंच झाड मारलं, आये," जयदीप म्हणाला. "आज हातात सापडला."

शालनबाई मातीत बसली. तिनं खंडूचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. लेकाकडं तिनं पाहिलंच नाही.

"ॲसिड मी ओतलं हुतं," ती म्हणाली. "झाड मेलं तर भांडान मरंल, म्हनून. मग तुजं रडनं बघवंना. भावजींच्या पाया पडून मीच त्यांना बोलावलं."