शिंप्याची नक्कल

पोतं पुन्हा खाली पडलं, आणि हातोडा हसला.

"ऊठ रे! झोपायला आणलंय का तुला?" दोरांपलीकडून वस्ताद ओरडले.

पोतं उठलं. ओठातून रक्त गळत होतं, ते त्यानं दंडाला पुसलं. त्याला पोतं म्हणायचे, कारण त्याचं कामच ते. मोठ्या लढतीआधी बड्या हेवीवेट बॉक्सरांचा मार खायचा. ज्याच्याशी लढत असेल त्याची हुबेहूब नक्कल करून उभं राहायचं, म्हणजे मारणाऱ्याचा सराव होतो. एकशे आठ किलोचा गडी, वय चौतीस, नाक दोनदा मोडलेलं, उजवा जबडा तारेनं सांधलेला. कधीकाळी त्यानं ओळीनं अकरा लढती जिंकल्या होत्या. मग तीन वर्षांपूर्वी ओळीनं तीन हरला आणि संपला. कसा हरला हे बघायला कुणाला फुरसत होती? त्याला आता एकच हवी होती. एक खरी लढत, जिच्यात समोरच्याला मारायची मुभा असेल.

नऊ दिवसांनी हातोडा शिंप्याशी लढणार होता. दोघंही तिशीच्या आतले, दोघांनाही अजून कुणी पाडलेलं नाही. जिंकेल त्याची पुढची दहा वर्षं सोन्याची, हरेल त्याला कुत्रं विचारणार नाही. सगळं शहर त्यावर भांडत होतं. हातोड्याचा डावा हुक, बाजूनं वळून येणारा तो ठोसा, जबड्यावर बसला की माणूस बापाचं नाव विसरतो, पण सहाव्या फेरीनंतर त्याला धाप लागते. शिंपी एका ठोशात कुणाला लोळवत नाही. टाके घालावेत तसे बारीक बारीक डावे ठोसे मारत राहतो, आणि दहाव्या फेरीपर्यंत समोरच्याचं तोंड त्याच्या आईलाही ओळखता येत नाही. मग भारी कोण? जो तो आपलंच घोडं दामटत होता. पण दोघांचाही मार अंगावर घेतलेला माणूस एकच होता. म्हणून सहा आठवड्यांपूर्वी वस्तादांनी पोत्याला समोर बसवून विचारलं होतं, "शिंप्यात खोट कुठंय?"

"ओळीनं तीन डावे मारले की त्याचा उजवा हात गालावरून खाली येतो. वीतभर. तेवढ्यात हुक घातला की खेळ खलास."

"मी त्याच्या सगळ्या लढती पाहिल्यात. मला नाही कधी दिसलं."

"बघून नाही दिसत, वस्ताद. समोर उभं राहून खावं लागतं."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणत वस्तादांनी मान डोलावली.

तेव्हापासून रोज तेच. पोतं शिंपी व्हायचं. एक, दोन, तीन डावे ठोसे. उजवा हात खाली. हातोड्याचा हुक. पहिल्या आठवड्यात दाढ निखळून थुंकीबरोबर बाहेर आली. दुसऱ्या आठवड्यात कानातून रक्त आलं. घरी बायको सुजेवर बर्फ धरायची आणि फणकारायची, "मुद्दाम हात खाली सोडता आणि थोबाड फोडून घेता! अक्कल गहाण टाकलीय का?"

"मुद्दाम नाही गं," तो म्हणायचा. तिला ते काही पटायचं नाही.

एकदा धीर करून त्यानं वस्तादांकडे खऱ्या लढतीचा विषय काढला. वस्तादांनी हातोड्याकडे बोट केलं. "ह्याला एकदा खाली बसव. देतो तुला लढत!" सगळी तालीम खदखदून हसली. हातोड्याला तर हसता हसता ठसका लागला. पोतं हाताला पट्ट्या गुंडाळत राहिलं. गेल्या आठवड्यात वस्ताद त्याच्यावर उखडलेही होते. "दहादा ठोसे मारलेस आणि दोनदाच हात खाली आला. नक्कल बिघडतेय तुझी! काम चुकवायचं नाही." पोतं म्हणालं, "चुकलं, वस्ताद."

आज घंटा वाजली तेव्हा हातोडा चेकाळलेला होता. आल्या आल्या पोटात दोन, बरगडीवर एक. पोत्याचा श्वास अडकला. चौथा ठोसा भुवईवर बसला, कातडी फाटली आणि डावा डोळा रक्तानं भरला. "ये रे पोत्या, टाके घाल!" हातोडा खिजवत म्हणाला.

पोत्यानं एक मारला. दुसरा मारला. तिसरा मारला.

हातोड्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. जबडा कुठं उघडा पडणार हे त्याला पाठ झालं होतं. सगळं वजन टाकून त्यानं हुक घातला, आणि तो जाऊन आदळला हातमोज्यावर. पोत्याचा उजवा हात गालावर होता, खिळा मारल्यासारखा. हातोडा स्वतःच्याच जोरानं वाकला आणि त्याची हनुवटी पुढं आली. पोत्याचा उजवा हात गालावरून सुटला. कडकन आवाज झाला. हातोडा गुडघे न टेकता सरळ तोंडावर पडला. त्याचा एक पाय तेवढा थडथडत होता.

पोत्याला रडू फुटलं. तीन वर्षांत इतका आनंद त्याला झाला नव्हता.

वस्ताद दोरांखालून घुसले. डॉक्टरच्या नावानं ओरडत त्यांनी हातोड्याला उताणं केलं, त्याचा लोंबता जबडा पाहिला आणि लालबुंद होऊन मागे वळले.

"हरामखोरा, हात खाली का नाही आणलास? तिसऱ्या ठोशाला शिंप्याचा हात खाली येतो ना?"

पोत्यानं दातांवरचं रबर काढलं आणि रक्त थुंकलं.

"शिंप्याचा कधीच येत नव्हता, वस्ताद. माझा यायचा."