लुटुपुटुची मुलाखत

वस्तीच्या सभागृहात दर रविवारी तरुण मुलामुलींच्या लुटुपुटुच्या मुलाखती होत. फुकट शिकवायला येणाऱ्या ताई टेबलामागे मुद्दाम खडूस साहेब होऊन बसत. पोरांची भीती इथेच मेली पाहिजे, हा तिथला शिरस्ता.

त्या दिवशी समोरची मुलगी म्हणाली, "वडील कपाटांच्या कारखान्यात मॅनेजर आहेत."

फाइलवरचं आडनाव वाचून ताईंच्या मनातला जुना निखारा फुलला. याच मॅनेजरने एकदा मुलाखतीत त्यांची फाइल जमिनीवर भिरकावून "उचल" म्हटलं होतं. नोकरीची नड होती, म्हणून चार माणसांदेखत त्या वाकल्या होत्या. नोकरी तर मिळालीच नाही. आज त्याची लेक आयती हाती लागली होती.

ताईंनी मुलीची फाइल टेबलावरून खाली ढकलली.

"उचल. तुझे वडील अशीच घेतात मुलाखत."

मुलगी जागची हलली नाही.

"माहितेय, ताई. घरी ताटसुद्धा असंच भिरकावतात. मी रोज उचलते. न उचलायचं शिकायला इथे आलेय."

ताई स्वतःच वाकल्या, फाइल उचलली, पदराने पुसली.

"नोकरी कुठे हवीय?"

"बाबांच्या समोरच्या कारखान्यात. तेही कपाटंच बनवतात."

ताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. त्यांनी फाइल टेबलाच्या अगदी कडेला ठेवली.

"मग ताठ बस. पुन्हा पाडते."