चाकामागचा दगड

घाटाचं तिसरं वळण आलं तसा कुंदाकाकूंनी सवयीने पदर खोचला आणि पायाशी ठेवलेला दगड उचलला. तेवीस वर्षं गाडी याच चढावर दम टाकायची. मग काकूंनी उतरून चाकामागे दगड लावायचा आणि इंजिन निवेपर्यंत करंजाच्या सावलीत ताटकळायचं, हे ठरलेलं.

"अगं, तो धोंडा अजून गाडीतच? टाकून दे म्हटलं होतं ना!" काका खेकसले. "नवे पिस्टन आहेत आता, कार्बोरेटर मोठा आहे. बघच तू."

काकूंनी बघितलं. गाडी जराही न कुरकुरता वळली, दुधाच्या टेम्पोला मागे टाकून सुसाट वर निघाली. करंजाचं झाड कधी मागे पडलं, कळलंसुद्धा नाही. मांडीवर दगड घेऊन काकू पोरीसारख्या खुदकन हसल्या.

माथ्याजवळ चहाची टपरी दिसली. काकांनी चढावरच गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि ऐटीत उतरून टपरीवाल्याला म्हणाले, "सगळं इंजिन बदललं! आता ही कुणाला ऐकायची नाही!"

हँडब्रेकचा तो जुनाच करकर आवाज काकूंच्या ओळखीचा होता. काकांच्या पाठीमागे गाडी बोटभर सरकली, मग वीतभर. तोवर काकू खाली उतरल्याही होत्या. त्यांनी दगड चाकामागे सारला. गाडी जागच्या जागी थांबली.

काका वळले, तर चाकामागे तोच धोंडा.

"हँडब्रेक तेवढा जुना ठेवलात," हात झटकत काकू म्हणाल्या. "माझ्या भरवशावर ना? सांगा आता दोन चहा."