वस्तादाच्या लेकीचं मुसळ

“शिवे, मुसळ घे बरं हातात,” तात्याबा म्हणाले.

शिवकन्या उंबऱ्यातच थांबली. वारुळाला दूध-लाह्या वाहून ती नुकतीच परतली होती. गावातल्या बाकीच्या माहेरवाशिणी झोक्याकडे पांगल्या होत्या. अंगणात तात्याबा, तिचे आबा, आपल्या काठीला करडईचं तेल चोळत बसले होते. नागपंचमीला तालमीतली प्रत्येक काठी तेल पिते, वस्तादाची सगळ्यांच्या आधी.

मुसळ! त्या एका शब्दासरशी ती मनानं पुन्हा परकर खोचून याच अंगणात उभी राहिली.

लिंबागणेशच्या पंचक्रोशीत तात्याबांच्या काठीला तोड नव्हती. मोहरमच्या सवारीपुढे त्यांचे हात पाहून खुद्द पोलिसांच्या अमीनसाहेबांनी त्यांना फेटा बांधला होता. गावची पोरं त्यांच्याकडे तालमीत शिकली. शिवकन्या शिकली ती घरी, उखळापाशी, आणि काठीनं नव्हे तर मुसळानं. पोरीच्या हातात काठी दिसली तर स्थळं दारातूनच माघारी जातील, असं आबांचं म्हणणं. डोक्यावर उतरणारा शीर, कानशिलावर येणारा तमाचा, सगळे वार तिनं त्या लोखंडी कड्याच्या जड मुसळानं गिरवले. भिंतीला कान असतात म्हणतात. शेजारच्या साखराबाईंच्या भिंतीला डोळेही होते. त्या वरून डोकावून विचारायच्या, “तात्याबा, पोरीला काय शिकवता वो?” आणि आबा मान न वळवता सांगायचे, “कांडायला.”

किती हसायची ती तेव्हा! पण हसून झालं की नजर कोपऱ्यातल्या काठीकडे जायची. एकदा, फक्त एकदा ती हातात यावी, एवढंच तिला हवं होतं. मागितली तेव्हा आबांनी दिली नाही. मग लग्न झालं आणि मागायचं राहूनच गेलं. आता आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, नुसत्या सावल्या दिसायच्या. आणि उद्या दीर न्यायला येणार होता.

“आबा, आज पंचमी हाय,” ती म्हणाली. “कुटायचं न्हाई, कांडायचं न्हाई. मुसळाला हात लावत न्हाईत आज.”

तात्याबांचा तेलकट हात थांबला. ते विसरले होते की मुद्दाम विसरले होते, देव जाणे.

“मग ही घे,” ते म्हणाले.

काठी हातात आली आणि शिवकन्येला रडूच फुटलं. तेलानं गुळगुळीत, उन्हानं ऊब आलेली, आणि इतकी हलकी! तिनं पहिला हात फिरवला तो मुसळाच्या अंदाजानं. काठी हाताच्या पुढे धावली आणि भिंतीचा टवका उडाला.

“जडावर शिकलीस, म्हनून पळती ती,” आबा हसले. मग ते उठले, फेटा उतरवून ओट्यावर ठेवला आणि उघड्या डोक्यानं तिच्यासमोर उभे राहिले. “आता शीर मार. बोटभर वर थांबव.”

तालमीतला शेवटचा धडा हाच. मारता कुणालाही येतं. वस्तादाच्या डोक्यावर वार आणून जो थांबवील, तो शागीर्द. पण पोरांच्या वेळी आबांच्या डोक्याला फेटा असायचा आणि डोळ्यांना दिसायचं.

“आबा, फेटा तरी बांधा. लागंल की वो.”

“लागलं तर माझ्या शिकवन्यात खोट. मार.”

तिनं पदर खोचला, पाय रोवला. काठी डोक्यामागून सूं करत आली. आणि उखळात दुसरीचा हात दाणे सारत असला की बाया मुसळ वरच्या वर धरतात, तशी तिनं ती धरली.

आबांचे पांढरे केस हलले. त्यांनी सावकाश हात वर नेला, काठी चाचपली, आणि काठी नि टाळू यांच्या मधल्या फटीत बोट घातलं. बोट बरोबर बसलं.

“पोरी,” ते म्हणाले. “लई उशीर केला गं मी.”

दुसऱ्या दिवशी रामहरी, तिचा दीर, छकडा घेऊन आला. पुरणाच्या दिंडांची शिदोरी ठेवून झाली, शिवकन्या वर बसली. मग आबा काठी टेकत टेकत आले आणि तीच काठी त्यांनी छकड्यात तिच्या पायाशी आडवी ठेवली. साखराबाई भिंतीवर होत्याच.

“मामा, वैनीला ही काठी कावून?” रामहरीनं विचारलं.

तात्याबांनी मान वळवली नाही.

“काठी कुठली? मुसळ हाय ते,” ते म्हणाले. “लेक लई चांगलं कांडती माझी.”