जप्त केलेली तुतारी

वैभवीने तुतारी जप्त केली आणि सगळं मैदान खो-खो हसलं. नरखेडजवळच्या त्या गावात शंकरपट भरला होता, म्हणजे बैलांच्या शर्यती. देवाजी पाहुण्यांच्या स्वागताला पितळी तुतारी फुंकत उभा होता. वैभवीने ती त्याच्या ओठांवरूनच ओढून घेतली.

"पटात तुतारी दिसली की जप्त. साहेबांचा हुकूम आहे," ती म्हणाली. "जनावरांच्या छळाचा गुन्हा लागेल."

"घ्या ना मॅडम," देवाजीने हात जोडले. "पण हिनं कोन्या बैलाचा जीव गेला, तेवढं सांगून द्या."

वैभवी साताऱ्याची. पोलिसात नवी, नागपूर जिल्ह्यात त्याहून नवी. आवाजाने बैल बुजत असतील, म्हणून हा कायदा, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. हसतात ते हसोत बापडे, कायदा तो कायदा! छकडे हाकणारे गोंडे लावलेल्या काठ्या मिरवत समोरून गेले. त्यांना तिने वाट करून दिली.

पहिली जोडी धावून परतली. डावा बैल उभ्या जागी थरथरत होता आणि त्याच्या पुठ्ठ्यावरून रक्ताचा ओघळ आला होता. वैभवी शेतकऱ्याचीच लेक, घरची खोंडं तिने हाताने चारून वाढवली होती.

"याला काय झालं हो?"

"तुतारी लागली त्याले," चहा विकणाऱ्या कुसुमताई म्हणाल्या.

"तुतारी तर माझ्याकडं आहे!"

"अवं माय! ते वाजवाची. आमच्याइकडं खिळा ठोकलेल्या काठीले तुतारी म्हणतेत, पोरी. टोचली का बैल पळते."

वैभवीचे कान तापले. मघापासून लोक का हसत होते, ते आत्ता कळलं. पण लाजत बसायला वेळ नव्हता. बैलाचा मालक रुपराव त्याच जखमी बैलाला पुन्हा छकड्याला जुंपत होता. ती तडक जाऊन बैलापुढे उभी राहिली.

"तुतारी खाली ठेवा. बैल सोडा."

"कोनती तुतारी?" रुपरावाने हातातली काठी नाचवली. "हे तं साधी काठी आहे, मॅडम. तुतारी तं तुम्ही मघाशीच जप्त केली. विचारा देवाजीले!"

पुन्हा हशा पिकला. या खेपेला वैभवीही हसली. तिने काठी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि टोकावरचा गोंडा मागे सारला.

"साधी आहे ना? मग तुमच्या मांडीला लावून बघू."

तिने काठी नुसती पुढे केली, तोच रुपराव हातभर मागे उडाला आणि साऱ्या पटाला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ मॅडम! तुतारी लागन नं मले!"